पंचवीस सेंटिमीटर पाणी

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या तोंडातून जी जाड नळी बाहेर येते, तिच्या कडेला आणखी एक बारीक नळी लोंबत असते. तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा चपटा प्लॅस्टिकचा फुगा असतो, त्याला एक छोटा व्हॉल्व्ह. आयसीयूत भेटायला आलेले नातेवाईक मॉनिटरवरचे आकडे बघतात, सलाइनचे थेंब बघतात, लघवीच्या पिशवीकडेही बघतात. ह्या फुग्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. राउंडवर आलेले डॉक्टरही बरेचदा त्याच्यावरून नजर पुढे नेतात. आतल्या श्वासनलिकेवर किती भार पडतोय हे बाहेरून कळण्याची जागा मात्र एवढीच असते.

मी भूलतज्ज्ञ आहे. नागपुरात आमच्यापैकी अनेकांचं काम एका हॉस्पिटलात बसून होत नाही. सकाळी धंतोलीत एक केस, दुपारी रामदासपेठेत दुसरी, रात्री कुठल्या तरी आयसीयूतून फोन. त्यामुळे बॅग कायम भरलेली असते: लॅरिंगोस्कोप (नळी घालताना घशाच्या आतलं दाखवणारं साधन), वेगवेगळ्या मापांच्या ट्यूब, बूजी (नळीला वाट दाखवणारी लवचीक काडी), स्टेथोस्कोप. ह्याच बॅगेत मी स्वतःचा कफ मॅनोमीटर, म्हणजे नळीच्या फुग्यातला दाब मोजायचं साधन, बाळगते. तो बाहेर काढला की ओटीतले, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधले, लोक अजूनही विचारतात, "मॅडम, हे काय नवीन?" नवीन त्यात काहीच नाही. माझ्या मते लॅरिंगोस्कोप जितका गरजेचा तितकाच हाही. हा लेख त्यासाठीच लिहायला घेतलाय.

आधी थोडक्यात रचना सांगते. नळीच्या आतल्या टोकाजवळ तिच्याभोवती एक मऊ फुगा बसवलेला असतो, त्याला कफ म्हणतात. बाहेरच्या फुग्याच्या व्हॉल्व्हमधून सिरिंजने हवा भरली की आतला कफ फुगतो आणि श्वासनलिकेच्या भिंतीला टेकतो. त्याची कामं दोन. व्हेंटिलेटरने दिलेली हवा नळीच्या कडेने परत तोंडाकडे निसटू द्यायची नाही. आणि तोंडातली लाळ, घशातला बेडका, पोटातून वर आलेलं पाणी फुप्फुसात उतरू द्यायचं नाही.

ह्या कफमध्ये दाब किती असावा हे ठरलेलं आहे: 20 ते 30 सेंटिमीटर पाणी. शाळेच्या दप्तरातली 30 सेंटिमीटरची पट्टी टेबलावर उभी धरा. तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ तळाशी जितका दाब देईल, तितकी वरची मर्यादा. पट्टीवरच्या 20 च्या खुणेपासून वरच्या टोकापर्यंत, एवढीच जागा आपल्याला मिळते. मी 25 वर ठेवते. रक्तदाबाच्या पाऱ्यात मोजलं तर हे साधारण 18 मिलिमीटर होतात.

आपला रक्तदाब 120 असताना 18 चं एवढं काय, असं वाटेल. पण 120 हा मोठ्या धमनीतला दाब. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरातल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचेपर्यंत तो फार थोडा उरलेला असतो. बाहेरून कफने त्याहून जास्त दाबलं की त्या मिटतात आणि तिथलं रक्त थांबतं. सीगोबिन आणि व्हॅन हॅसेल्ट ह्या दोन डॉक्टरांनी 1984 साली 40 पेशंटच्या श्वासनलिकेत दुर्बीण घालून हे प्रत्यक्ष पाहिलं. दाब 30 च्या वर नेला की अस्तर फिकं पडायला लागतं, 50 पर्यंत नेला की कफखालचा रक्तपुरवठा पूर्ण बंद होतो. हे झालं रक्तदाब चांगला असलेल्या माणसांचं. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनल्यावर, ज्याचा रक्तदाब औषधांच्या जोरावर कसाबसा 90 वर टिकवलाय, त्याच्या अस्तराकडे एवढीही शिल्लक नसते. म्हणून आयसीयूतल्या पेशंटच्या बाबतीत मी 30 ला सुरक्षित रेघ समजत नाही.

मग इतकी साधी गोष्ट मोजली का जात नाही? कारण बोट. इन्ट्युबेशन झालं, म्हणजे नळी घातली, सिरिंजने हवा भरली, बाहेरचा फुगा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबला, "ठीक आहे." आम्ही सगळे हेच बघत शिकलो, आणि पुढच्यांनाही हेच दाखवत आलो. बोटाला मऊ आणि कडक एवढंच कळतं. 25 आणि 60 मधला फरक त्याला कळत नाही. 2004 मध्ये अमेरिकेत केंटकीतल्या तीन हॉस्पिटलांत 93 पेशंटचा कफ मोजून बघितला गेला. योग्य पट्ट्यात फक्त 27 टक्के निघाले, आणि तितकेच 40 च्याही वर. भूल देणारा अनुभवी होता की शिकाऊ, ह्याने फरक पडला नाही. मला त्या अभ्यासातली ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. वीस वर्षं ट्यूब टाकणाऱ्याचं बोटसुद्धा बोटच राहतं.

त्याच अभ्यासात हेही दिसलं की योग्य दाबासाठी बहुतेकांना 2 ते 4 मिली हवा पुरते. आपल्याकडे हाताशी येते ती 10 मिलीची सिरिंज, आणि धावपळीत ती अख्खी रिकामी केली जाते.

रात्री बाहेरगावाहून आलेल्या ॲम्ब्युलन्समधून पेशंट उतरतो तेव्हा हे फार स्पष्ट दिसतं. नागपूर म्हणजे अख्ख्या पूर्व विदर्भाचा दवाखाना. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, तिकडून छिंदवाडा, बालाघाट, शिवनी. तिथल्या डॉक्टरने रस्त्यात ट्यूब निघू नये म्हणून जीव तोडून काळजी घेतलेली असते. चिकटपट्टीचे तीन वेढे, वरून बँडेज, आणि कफमध्ये भरपूर हवा. तीन-चार तासांचा खड्ड्यांचा रस्ता, सोबत एक घाबरलेला मुलगा आणि ॲम्बू (हाताने श्वास देण्याची पिशवी) दाबणारा अटेंडंट. त्या परिस्थितीत मी असते तर मलाही हवा जास्तच भरावीशी वाटली असती. पेशंट बेडवर घेतला, व्हेंटिलेटर लावला, ऑक्सिजन ठीक आहे असं दिसलं की मी मॅनोमीटरची नळी त्या छोट्या फुग्याला जोडते. गोल तबकडी, त्यावर हिरवा पट्टा, शेवटचा आकडा 120. काटा हिरव्या पट्ट्यावरून सरळ निघून जातो आणि 120 च्या पलीकडे जाऊन अडतो. मग हळूहळू हवा सोडायची. काटा 90, 70, 50 करत उतरतो, बाहेरचा फुगा सैल पडत जातो. 25 ला थांबून मी व्हेंटिलेटरच्या पडद्याकडे बघते: आत दिलेली हवा आणि परत आलेली हवा सारखी आहे का, मानेवर स्टेथोस्कोप ठेवला तर गळतीचा आवाज येतो का. बहुतेक वेळा काही येत नाही. म्हणजे तो वरचा सगळा दाब कशासाठीच नव्हता.

ट्यूबला कफ लावायची कल्पना जुनी, पण आजच्या कफचं मूळ 1928 मध्ये आर्थर गेडेल आणि राल्फ वॉटर्स ह्या अमेरिकन भूलतज्ज्ञांनी छापलेल्या निबंधात सापडतं. कफ किती घट्ट बसतो हे दाखवायला गेडेल ह्यांनी आपल्या कुत्र्याला भूल देऊन, कफवाली नळी घालून, पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलं. कुत्र्याचं नाव ‘एअरवे’. भूल उतरल्यावर तो उठला, अंग झटकलं आणि चालता झाला. भूलशास्त्राच्या तासाला ही गोष्ट सगळेच ऐकतात. ती ऐकताना मला नेहमी एक जाणवतं: पाणी आत शिरू न देणं हाच तेव्हा कफचा मोठा पराक्रम होता. भिंतीला काय होतंय हा प्रश्न त्या वेळी पडायचं कारण नव्हतं. शस्त्रक्रिया तासा-दोन तासांत संपत आणि नळी निघे.

तो प्रश्न पुढे आला माणसं आठवडेच्या आठवडे नळीवर जगायला लागल्यावर. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली. ब्यर्न इब्सेन ह्या भूलतज्ज्ञाने एका 12 वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देववून कफवाली नळी घालवली आणि हाताने श्वास दिला. मग शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. आयसीयू ही सोय तिथून सुरू झाली असं मानतात. त्यानंतरच्या वर्षांत व्हेंटिलेटरवरून वाचलेली माणसं घरी गेली, आणि त्यातली काही परत आली, श्वासनलिका आवळली गेल्यामुळे. कफ तेव्हा जाड रबराचे, लहान आकाराचे, प्रचंड दाबाने फुगवावे लागणारे. बॉस्टनच्या जोएल कूपर आणि हर्मिस ग्रिलो ह्या सर्जननी 1969 मध्ये ही इजा पायरी पायरीने उलगडून दाखवली. कफ जिथे टेकतो तिथे आधी अस्तर मरतं, मग जखम होते, खालच्या कुर्च्या (श्वासनलिकेची लवचीक कडी) उघड्या पडतात, कुजतात. आणि भरून येताना ती जागा चहूबाजूंनी आकसते. त्यानंतर मोठ्या आकाराचे, पातळ, कमी दाबावर काम भागवणारे कफ आले. आज आपण वापरतो ते हेच. पण त्यांनाही गरजेपेक्षा जास्त हवा भरली की ते जुन्या रबरी कफसारखेच वागतात. कमी दाबाचा कफ म्हणून विकला जातो तो, मात्र दाब कमी ठेवायचं काम भरणाऱ्यानेच करायचं असतं.

हे सगळं मला विदर्भात जास्त का खुपतं, ते सांगते. आमच्याकडे व्हेंटिलेटरवर येणाऱ्यांत तरुण माणसं खूप. कपाशीचा हंगाम, फवारणीचा डबा घरातच, कर्ज, भांडण, आणि मग "औषध घेतलं" असा फोन. ऑर्गॅनोफॉस्फेट ह्या प्रकारच्या कीटकनाशकाची विषबाधा झाली की श्वासाचे स्नायू थकतात, दोन दोन, तीन तीन आठवडे व्हेंटिलेटर लागतो. पावसाळ्यात धानपट्ट्यातून मण्यार चावलेले येतात. जमिनीवर झोपलेले असतात, दंश कळतही नाही, सकाळी पापण्या उचलत नाहीत आणि दुपारपर्यंत श्वास थांबतो. ह्या दोन्ही प्रकारच्या पेशंटचं एक सारखं आहे: वाचले तर पूर्ण वाचतात. हृदय चांगलं, फुप्फुस चांगलं, पुढे चाळीस वर्षांचं आयुष्य. ज्याचं मूळ दुखणं काही मागे न ठेवता निघून जाणार आहे, त्याच्या गळ्यात आपण कायमचं दुखणं ठेवायचं, हे मला सहन होत नाही.

भंडारा जिल्ह्यातला असा एक तरुण माझ्यासमोर टेबलावर आला होता. औषध घेतलेलं, दुसऱ्या एका ठिकाणी बरेच दिवस व्हेंटिलेटर, मग सुटी. घरी गेल्यावर काही आठवडे बरा होता. नंतर शेतात चालताना दम लागायला लागला, मग अंगणात, मग बसल्या जागी. गावाकडे दमा समजून पंप सुरू झाला, एक बदलून दुसरा. त्याची आई मला ओटीच्या दाराशी म्हणाली, "मॅडम, थो झोपला का त्याचा गळा वाजते. काहून वाजते जी? पंप तं रोज घेते थो." दुर्बीण आत गेली. स्वरयंत्राच्या खाली काही सेंटिमीटरवर जिथे मोकळी, गुलाबी, कड्याकड्यांची नळी दिसायला हवी तिथे पांढरट, टणक, चकाकणारं एक कडं होतं आणि मधोमध जेमतेम पाच मिलिमीटरचं भोक. प्रत्येक श्वासाला बेडक्याचा एक धागा त्या भोकाच्या काठावर थरथरत होता. धडधाकट माणसाची श्वासनलिका ह्याच्या तीन-चार पट रुंद असते. ती आठ मिलिमीटरपर्यंत आवळली तरी माणूस बसून राहिला तर त्याला कळत नाही, चालल्यावरच दम लागतो. पाचला आली की बसल्या जागीही गळा वाजतो.

फुग्याने ताणून ते रुंद केलं. अशी जागा बरेचदा पुन्हा आवळते. मग पुन्हा ताणणं, नाहीतर गळ्यात टी आकाराची नळी, नाहीतर तेवढा तुकडा कापून दोन टोकं जोडण्याची मोठी शस्त्रक्रिया. सगळा दोष एकट्या कफच्या दाबावर टाकणं बरोबर नाही. नळी किती दिवस होती, मापाला मोठी होती का, पेशंट किती धडपडला, रक्तदाब किती काळ पडलेला होता, जंतुसंसर्ग झाला का, हे सगळं त्यात येतं. पण ह्या यादीतल्या बाकीच्या गोष्टी आपल्या हातात अर्ध्याच असतात. दाब पूर्ण आपल्या हातात असतो, आणि तो दुरुस्त करायला एक मिनिट लागतं. त्या आईला मी गळा का वाजतो ते चित्र काढून समजावलं. पंप बंद करायला सांगितलं.

जास्त दाबाचं आणखी एक नुकसान शस्त्रक्रियेच्या पेशंटना होतं, ज्यांची नळी दोन तासांत निघते. कफ फार वर, स्वरयंत्राच्या लगेच खाली फुगवला गेला तर तिथून जाणारी आवाजाची नस कफ आणि कुर्चीच्या मध्ये चिमटली जाते. पित्ताशयाचं ऑपरेशन उत्तम झालं आणि शाळेत शिकवणाऱ्या बाईंचा आवाज बसला, असं होऊ शकतं. घसा दुखणं तर सर्रास. "ट्यूब टाकली होती ना, दुखणारच," असं आपण सांगून मोकळे होतो.

उलट बाजूही तितकीच खरी. जास्त दाबाची भीती घालून कुणी 15 वर ठेवायला लागलं तर ती वेगळी आपत्ती. दाब 20 च्या खाली राहिला की कफच्या वर साठलेली लाळ घड्यांमधून खाली झिरपते, आणि काही दिवसांनी व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया होतो. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी 1996 मध्येच हा संबंध दाखवला होता. न्यूमोनिया झाला की मुक्काम वाढतो, बिल वाढतं, नळीचे दिवस वाढतात, म्हणजे पुन्हा श्वासनलिकेलाच त्रास.

आयसीयूतल्या सिस्टरना हे आवाजावरून कळतं. पेशंटच्या घशात गुळगुळ झाली की त्या सिरिंज आणून दोन मिली हवा घालतात, आवाज थांबतो. पुढच्या पाळीत पुन्हा आवाज, पुन्हा दोन मिली. इथे थांबून विचार करायला हवा. कफ फुटका नसेल, व्हॉल्व्ह ठीक असेल आणि तरी गळती परत परत होत असेल, तर बरेचदा नळीच वर सरकलेली असते आणि कफ स्वररज्जूंच्या मध्ये येऊन बसलेला असतो. हवा घालत राहिलं तर आवाज झाकला जातो, आणि नळी बाहेर येण्याच्या बेतात आहे हे कुणाला कळत नाही. ओठाशी ट्यूब किती सेंटिमीटरवर बांधली होती ते बघा, एक्स-रे काढा. मी हे प्रत्येक नव्या सिस्टरला सांगते, कारण ऐकू येणारा आवाज त्यांना सर्वांत आधी येतो, आम्हाला नाही.

एकदा मोजून भागत नाही, हे ओटीत लवकर कळतं. नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू वापरला तर तो कफच्या पातळ भिंतीतून आत शिरत राहतो. सुरुवातीला 25 असलेला दाब तासाभरात कितीतरी वर गेलेला सापडतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात वायू भरला, डोकं खाली केलं, की दाब वर. मान वळवली, पेशंट पालथा घातला, तो खोकला, की बदल. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, 2021 च्या एप्रिलमध्ये, पेशंट पालथे घालताना आणि परत उताणे करताना दोन्ही वेळा मोजायची सवय लागली ती माझी कायमची झाली. सोनेगाव विमानतळावरून एअर ॲम्ब्युलन्सने हैदराबाद-मुंबईला जाणाऱ्या पेशंटचा कफ तर वर चढताना फुगतो आणि उतरताना सैल पडतो, कारण बाहेरची हवा विरळ होते. अशा पेशंटसोबत जाणाऱ्याने मॅनोमीटर खिशातच ठेवावा. आणि मोजताना मॅनोमीटरच्या नळीतही थोडी हवा जाते, म्हणून नुसतं वाचून सोडून देऊ नये. 25 वर आणून मगच नळी काढावी.

"मॅडम, एका सिस्टरकडे तीन व्हेंटिलेटर, त्यात हे कधी करायचं?" हा प्रश्न मी अनेकदा ऐकलाय आणि तो रास्त आहे. माझं उत्तर असं, की पाळी बदलताना, हँडओव्हरच्या वेळी, दोघीजणी पेशंटजवळ उभ्या असतातच. तेव्हाच मोजायचं आणि चार्टवर लिहायचं. दिवसातून तीन वेळा. चार्टवर रकाना छापून घ्या, तो रिकामा दिसला की कुणीतरी विचारतं. दाब सतत आपोआप राखणारी यंत्रंही मिळतात, महाग असतात. व्हिएतनाममधल्या आयसीयूंमध्ये सुमारे 600 पेशंटवर झालेल्या, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा यंत्राने श्वसनमार्गाचे संसर्ग कमी झाले नाहीत, ठराविक वेळी हाताने मोजलेल्यांएवढेच राहिले. आपल्यासारख्यांसाठी ही चांगली बातमी आहे. काही हजार रुपयांचा साधा मॅनोमीटर आणि नियमित वेळ एवढ्यावर काम होतं. जे हॉस्पिटल आयसीयूच्या एका बेडचं दिवसाचं भाडं आकारतं, त्याला तो परवडत नाही हे मला पटत नाही.

नातेवाइकांना एवढंच सांगेन. तुमचा माणूस व्हेंटिलेटरवर असेल तर भेटीच्या वेळी सिस्टरला विचारा, "ट्यूबच्या कफचा दाब किती आहे?" भांडणाच्या सुरात नको, ताप किती आहे विचारतो तसं. आणि सुटी होताना डिस्चार्ज कार्डवर नळी किती दिवस होती ते लिहून मागा. माझ्या पेशंटच्या कार्डवर मी खाली मराठीत लिहिते: पुढच्या तीन महिन्यांत चालताना दम लागला, श्वास आत घेताना गळा वाजला, किंवा आवाज बदलला, तर दम्याचे औषध सुरू करण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा आणि गळ्यात नळी होती हे सांगा.